कुठेहीकर

ये बघू अशी जवळ. कागदावर का होईना, पण जवळ ये आणि नीट ऐक. फोनवर तुझं काय असतं, एक कान काकूकडे आणि दुसरा ऑफिसच्या मीटिंगकडे. “हो काकू, बघते काकू, जमवते काकू.” अगं, ड्युसेलडॉर्फ काय चंद्रावर आहे? पाच तासांची गाडी, मध्ये एकदा बदलायची, की आलं रेगेन्सबर्ग. दिवाळीला येणार होतीस, मग नाताळात, मग ईस्टरला. तुझ्यासाठी केलेल्या चकल्या शेवटी मी खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिल्या. त्यांनी त्या सूपमध्ये बुडवून खाल्ल्या. हे पाप तुझ्या माथी.

रागावले नाही. म्हणजे थोडी रागावले आहे, पण ते तू आलीस की बघू. आत्ता मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे, आणि ती फोनवर मिळत नाही म्हणून लिहायला बसले.

तुझ्या काकांना शेवटी कुठे राहायचं आहे, हे मला माहीत नाही. बेचाळीस वर्षं संसार केला. आमटीत गूळ किती लागतो, कोणत्या कुशीवर झोप लागते, सगळं ठाऊक, आणि एवढं एक विचारायचं राहून गेलं. माझ्या लेकीनं, तुझ्या ताईनं, एर्लांगेनला तिच्या घराजवळ एका फ्लेगेहाइममध्ये त्यांच्यासाठी खोली मिळवली आहे. फ्लेगेहाइम म्हणजे स्वतःचं स्वतःला करता येत नाही अशा माणसांना सांभाळणारं घर. महिनाअखेर हो की नाही ते सांगायचंय. तिकडे तुझे बाबा साताऱ्याहून एक दिवसाआड फोन करतात, “वहिनी, दादाला इकडे आणा. खालची खोली रिकामी आहे, चोवीस तास माणूस ठेवू.” दोघांचंही बरोबर. आता ज्याचं आयुष्य त्यालाच विचारावं, तर तो काय म्हणतो ते शेवटी सांगते. तुला कदाचित त्याचं उत्तर माहीत असेल. ते कसं, तेही सांगते. पण सुरुवातीपासून ऐक, नाहीतर तू म्हणशील, काकू, ह्यात तुमची काय चूक. चूक आहे. माझीच आहे.

हे रिटायर झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता माणूस घरात बसणार आणि माझ्या स्वयंपाकघरात लुडबूड करणार. तीस वर्षं ह्यांनी गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या केल्या. दार लागताना आवाज कसा यायला हवा, ह्यावर शिकलेली माणसं पगार घेतात, हे मला लग्नानंतर कळलं. पाहुणा गाडीतून उतरला की हे त्याच्याकडे बघायचेच नाहीत, दार कसं लागतंय ते ऐकायचे. तर अशा माणसानं महिनाभरात एक जुनं वोनमोबील आणून दारात उभं केलं. चाकावरचं घर. आत दोन शेगड्या, पेल्याएवढं सिंक, आणि पलंग असा की एकानं कूस बदलायची तर दुसऱ्यानं परवानगी द्यायला हवी.

“अहो, घर असताना घराबाहेर राहायचं, आणि तेही घर घेऊन?” मी म्हटलं.

“दार ऐक,” हे म्हणाले, आणि दार लावून दाखवलं. धप्प. “जर्मन आहे, पण म्हातारं आहे. आपल्यासारखंच.”

पहिला मुक्काम डोनाऊ नदीच्या काठी, गाड्या लावायच्या एका तळावर. तिथं पांढऱ्या केसांची दहाबारा मंडळी कायमची भेटायची. पाच वाजले की घडीच्या खुर्च्या गोल मांडायच्या, कॉफी व्हायची, आणि नवीन गाडी आली की सगळ्यांनी मिळून बघायचं, ती मागे कशी घेतात. हा त्यांचा सिनेमा. प्रत्येक गाडीत तेच नाटक. नवरा चाकावर, बायको मागे उभी राहून हातवारे करतेय, आणि दोन मिनिटांत भांडण. आमच्या वेळी मी मागे उभी राहून दोन्ही हातांनी बोलावत होते आणि ओरडत होते, “अहो! अहो, या! अहो, थांबा!” गाडी लागली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून ह्यांचं स्वागत केलं, “हेर अहो! हेर अहो!” हेर म्हणजे श्रीयुत. त्यांना वाटलं ह्यांचं नावच ते. आम्ही पुढे सांगितलंही, पण उशीर झाला होता. त्या तळावर तुझे काका अहोच राहिले.

मग त्या गोलात बसल्यावर एकानं विचारलं, तुम्ही कोण? हे सरळमार्गी. म्हणाले, “आम्ही? रेंटनर.” म्हणजे पेन्शनर. झालं. सगळ्यांनी आनंदानं आरोळी ठोकली. त्या गोलात हा शब्द शिवीसारखा. जो तोंडातून काढील त्यानं सगळ्यांच्या कपबशा विसळायच्या, असा त्यांचा कायदा. घरात आयुष्यात एक कप न उचललेला माणूस तिथे नळावर उभा राहून अकरा कप घासत होता, आणि मी खुर्चीत बसून बघत होते. तो मला जर्मनीतला सगळ्यात सुखाचा दिवस वाटला, खोटं कशाला सांगू.

कारण ही मंडळी स्वतःला म्हातारी म्हणवून घ्यायची नाहीत. प्रत्येकानं आपापलं नाव ठेवलेलं, आणि एक निवृत्त सुतार होता तो ते नाव तापल्या सळईनं लाकडी पाटीवर डागून द्यायचा. पाटी पुढच्या काचेत. एक जोडपं स्वतःला गोगलगायी म्हणवायचं. दुसरं जोडपं हिवाळा लागला की स्पेनला पळायचं, ते स्थलांतरी पक्षी. आणि एक एकट्या आजी होत्या, नवरा गेल्यावर साठीच्या पुढे एवढी मोठी गाडी चालवायला शिकलेल्या. त्यांच्या पाटीवर दोनच शब्द होते, “अजून नाही.” काय अजून नाही, ते कुणी विचारायचं नाही.

आम्हाला म्हणाले, उद्या पाच वाजता याल तेव्हा नाव घेऊन या.

त्या दिवशी गाडीत आमची काय चर्चा झाली म्हणून सांगू! बारसं असल्यासारखी. मी म्हटलं, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तेच लिहा.

“विंचू कशाला? नांगी कुठाय आपल्याला?”

“माझ्या जिभेला आहे, असं तुम्हीच म्हणता.”

“मग ती पाटी तुझ्या एकटीची.” मग जरा वेळानं म्हणाले, “वानप्रस्थी कसं वाटतं?”

“वानप्रस्थात कांद्यालसणाची फोडणी चालत नाही. मी नाही येणार.”

 मग हे म्हणाले, “अगं, आपलं आडनाव बघ. शेवटी कर. म्हणजे अमक्या गावचे. ते गाव माझ्या पणजोबांनी सोडलं. मी पाहिलेलं नाही, माझ्या बापानं पाहिलेलं नाही. पुण्यात होतो तेव्हा पुणेकर कधी आपल्याला पुणेकर म्हणाले नाहीत. इथं तेहेतीस वर्षं आहोत, अजून दुकानात विचारतात, मूळचे कुठले? मग जाऊ दे ना. आपण कुठेहीकर.”

मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्या गोलाला समजावून सांगितलं की आमच्याकडे माणूस गावावरून ओळखतात, आणि आमचं गाव म्हणजे कुठेही. सुतार म्हणाला, “गेनाऊ!” म्हणजे अगदी बरोबर. त्यानं ह्यांच्याकडून कागदावर मराठी अक्षरं काढून घेतली आणि जशीच्या तशी डागली. वरची रेघ मात्र त्याला कुठे थांबवायची ते कळलं नाही. ती शेवटच्या अक्षरावरून पुढे पाटीच्या कडेपर्यंत गेली. हे म्हणाले, राहू दे, रस्ता पुढे चालू आहे.

तू आलीस ती त्याच उन्हाळ्यात. तुझी नोकरी नुकती लागली होती, मोझेल नदीच्या काठी आमच्याबरोबर चार दिवस राहिलीस. वरती द्राक्षांचे मळे, खाली पाणी, आठवतं? काका रोज सकाळी गाडीतल्या संडासाची पेटी ओतायला निघायचे, हातात पेटी आणि तोंडानं शिट्टी, आणि तू म्हणायचीस, “काका, ऑफिसला निघालात का?” आणि एक दुपार आठव. बाजारातून शेंगांसकट मटार आणले होते. तुम्ही दोघं गाडीच्या पायरीवर बसून सोलत होतात. मी आत उसळीची फोडणी करत होते. फोडणी घातली की तो गॅसचा भोंगा बोंबलायचा म्हणून मी वरचा पंखा पुरा सोडलेला. पंख्याच्या आवाजात मला काही ऐकू येईना. पण दिसत होतं. काका बोलत होते. तू मान हलवत होतीस. ते इतका वेळ बोलले की तेवढं माझ्याशी एका दमात कधी बोलले नसतील. मध्येच त्यांनी हातातली शेंग लांब कुठेतरी दाखवली. नदीपलीकडे, की आणखी लांब, कोण जाणे. मी विचारलं, काय चाललंय? तर म्हणाले, “काका-पुतणीचं गुपित.” मी उसळ वाढली.

ती दुपार लक्षात ठेव. मी तिच्याकडे परत येणार आहे.

पुढची दोन वर्षं आम्ही खूप फिरलो. मग ह्यांची एखादी एक्झिट चुकायला लागली. हायवेवर कुणाची चुकत नाही? मी म्हणायचे, “कुठेहीकरांना कसली चूक?” हे हसायचे. मीही हसायचे. एकदा सकाळी ज्या तळावरून निघालो त्याच तळावर दुपारी परत पोचलो. रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, काही विसरलात का? मी पटकन म्हटलं, “नाही गं, आवडलं म्हणून परत आलो.” तिला ते फार गोड वाटलं. तिनं आम्हाला नदीकाठची जागा दिली.

आजार लोक घरात लपवतात. आम्ही तो रस्त्यावर लपवला. जिथं कुणालाच कुठे पोचायचं नसतं, तिथं वाट चुकलेला माणूस ओळखणार कोण?

पण मला कळलं होतं. कधी कळलं, तेही सांगते. बोडनझेच्या काठी, त्या मोठ्या तळ्याजवळ, एका तळावर हे फॉर्म भरत होते. प्रत्येक तळावर भरावा लागतो, नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता. शंभरदा भरलेला. हे उभे आणि पेन पत्त्याच्या रकान्यात टेकलेलं. टेकलेलंच. शाईचा ठिपका मोठा होत चालला. इतक्या वर्षांचं घर, तोच रस्ता, तोच नंबर, तिसरा मजला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग मराठीत लिहिलं, “कुठेही.” रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, हे काय? ह्यांनी ती सगळी पाटीची गोष्ट तिला रंगवून सांगितली. ती हसली. मागे रांगेत उभे होते ते हसले. आणि मीही हसले. अगं, त्या हसण्याची मला अजून शरम वाटते. कारण मी त्यांचे डोळे बघितले होते. ते गंमत करत नव्हते. ते शोधत होते, आणि हाताला तेवढंच लागलं.

मी पेन घेतलं आणि पत्ता लिहिला. तिथून पुढे सगळे फॉर्म मीच भरले.

तू म्हणशील, डॉक्टरकडे का नेलं नाही? ताईला का नाही सांगितलं? सांगते. चारचौघांत नवऱ्याची चूक उघडी पाडायची नाही, हे माझ्या आईनं मला शिकवलेलं. जर्मनीत येऊन मी कचरा चार डब्यांत वेगळा करायला शिकले, सायकल शिकले, भाषा बाजारात भाज्यांच्या पाट्या वाचून शिकले. पण आईचं ते काही निघालं नाही. आणि वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते ना? आमची वास्तू तर सतत सोबत, चाकांवर. मग मी बोललेच नाही. ताईचा रविवारी फोन यायचा, ती जर्मनमध्ये विचारायची, “आल्झो,” म्हणजे तर मग, “पापा कसे आहेत?” मी मराठीत सांगायचे, मजेत. तेवढ्यावर दोघींचं भागायचं.

पण हेही सगळं मी स्वतःला माफ केलं असतं. एक नाही करता येत.

उत्तरेला समुद्राकाठी होतो. बांधावर मेंढ्या चरत होत्या. सकाळची वेळ, हे बाहेर खुर्चीत, मी चहा गाळत होते. म्हणाले, “अगं, जरा बस. आपण एकदा बसून ठरवायला हवं.”

“काय ठरवायचं?”

“पुढचं. म्हणजे मला असं काही झालं तर. कुठे…”

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. तोंडातून नेहमीचंच बाहेर पडलं, “कुठेहीकरांना कसलं आलंय पुढचं? उठा, तो पाववाला आलाय, चार पाव घेऊन या.” हे माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. “बरोबर आहे,” म्हणाले, आणि उठून गेले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा हातात पाव नव्हते. मेंढ्या बघत उभे होते म्हणाले.

बघ, माणूस स्वतःहून सांगायला आला होता. दारात आला होता, आणि मी दार लावून घेतलं. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मग काढण्याइतकं काही उरलं नाही.

त्यानंतर डोनाऊच्या तळावर परत गेलो तेव्हा त्या “अजून नाही”वाल्या आजी भेटल्या. दोन दिवस त्या नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना माझ्याशेजारी येऊन म्हणाल्या, “तुमचे अहो फार हसतात आता.” मी म्हटलं, आनंदी आहेत. त्या म्हणाल्या, “माझेही असेच हसायचे. मी तीन वर्षं त्यांच्याबरोबर हसले.” हातात चिमटा तसाच धरून मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसत नाहीत. तुला माहीत आहे हे किती खोटं आहे! आमच्याकडे दुसरं काय करतात? पण म्हटलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ह्यांना गाडी काढायला लावली. पाच वाजताच्या कॉफीचा निरोपही घेतला नाही. आता मला त्या आजींची माफी मागायची आहे, तर त्यांचा पत्ता नाही. त्या गोलात कुणाचाच कुणाकडे पत्ता नव्हता. आम्हाला त्याचा अभिमान होता ना.

शेवट झाला तो गाडी मागे घेताना. दुपारची वेळ, लख्ख ऊन, छोटा तळ. मी नेहमीसारखी मागे उभी, दोन्ही हातांनी बोलावते आहे. मग तळहात दाखवला, थांबा. गाडी थांबली नाही. मी ओरडले, “अहो! अहो, थांबा!” आरशात त्यांचा चेहरा मला दिसत होता, तेही माझ्याकडेच बघत होते. नीट बघत होते. आणि गाडी येत होती. मी बाजूला पडले. सायकल अडकवायची दांडी खांद्याला घासून गेली आणि मागचा पाण्याचा नळ आडवा झाला. पाण्याचा फवारा उडाला. लोक धावले. हे खाली उतरले, दार लावलं, नेहमीसारखं आवाज ऐकत लावलं, आणि त्या धावत आलेल्या माणसाला जर्मनमध्ये म्हणाले, “ती बाई मध्येच उभी होती.”

चिखलात बसले होते मी. ती बाई.

तिथून ताईनं येऊन आम्हाला घरी आणलं. डॉक्टर तरुण होती, फार चांगली. तिनं ह्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, पत्ता विचारला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी मी बोलले नाही. नंतर मी तिला विचारलं, आधी आलो असतो तर? तिनं खोटा धीर दिला नाही. म्हणाली, औषधांनी फार फरक पडला नसता. पण त्यांना काय हवंय ते विचारून ठेवता आलं असतं. ते लिहून त्याखाली त्यांनी स्वतः सही केली असती.

गाडी एका तरुण जोडप्यानं नेली. काचेतली पाटी बघून त्यांनी विचारलं, ही राहू देणार का? मी काढून घेतली. आता ती स्वयंपाकघरात फडताळाच्या वर आहे. हे रोज तिच्यासमोर बसून नाश्ता करतात. अक्षरं अजून वाचता येतात त्यांना, हे नवल. परवा वाचून म्हणाले, “कुठेहीकर. कोण मंडळी ही?” मी म्हटलं, होतं एक जोडपं. फार फिरायचं. म्हणाले, “मग आता कुठे असतात?” मी बशी उचलून सिंककडे गेले.

दिवसभर फडताळाचं दार उघडतात, लावतात, ऐकतात. खालच्या बाईंनी तक्रार केली नाही अजून. त्या चकल्यांचा परिणाम असेल.

आणि मी विचारलं गं. विचारलं नाही असं नाही. परवा सकाळी, दूध पिऊन झाल्यावर, दाढीबिढी करून ताजे होते तेव्हा हात हातात घेऊन विचारलं. “अहो, साताऱ्याला जायचं, की इथंच राहायचं, लेकीजवळ? तुम्ही म्हणाल तसं करू.” त्यांनी नीट ऐकून घेतलं. विचार केल्यासारखा केला. आणि मग, पाहुणा माणूस यजमानीणबाईंना म्हणतो ना, तितक्या अदबीनं म्हणाले, “तुमची सोय बघा. माझं काही नाही. मला कुठेही चालेल.”

बेचाळीस वर्षांत मला पहिल्यांदा तुम्ही म्हणाले.

आता तुला कळलं मी सारखी का विचारते ते. त्या पायरीवर, मटार सोलताना, काका काय बोलत होते? तू म्हणतेस, “काकू, इतकी वर्षं झाली, नाही आठवत.” मला माहीत आहे, तू खोटं बोलत नाहीस. मला हेही माहीत आहे की बिजागऱ्यांबद्दलच बोलत असतील. नाहीतर क्रिकेट. पण ती शेंग त्यांनी लांब कुठे दाखवली होती गं? साताऱ्याकडे दाखवली असं माझं मन म्हणतं. दुसऱ्या दिवशी तेच मन म्हणतं, इथल्याच टेकडीकडे. महिना संपायला अकरा दिवस आहेत. तू काही सांगितलं नाहीस तर मी एर्लांगेनला हो म्हणणार, कारण ते जवळ आहे, आणि मी आता फार लांब जाऊ शकत नाही. आणि मग जिवंत आहे तोवर मला वाटत राहणार की मी माझी सोय बघितली. त्यांनी सांगितलं होतं तशी.

एकच राहिलंय त्यांचं. खोलीच्या दारातून “अहो” म्हटलं की अजून मान वळते. कोण बोलावतंय ते कळत नाही, पण वळते. तीही किती दिवस, डॉक्टर सांगत नाही.

म्हणून म्हणते, शनिवारची गाडी पकड. काही आणू नकोस, मिठाई तर नकोच, त्यांना ठसका लागतो. इथं आत्ता शेंगांचे मटार मिळताहेत, मी आणून ठेवते. गाडीची पायरी नाही, पण जिन्याच्या पायरीवर बसा दोघं. तू सोल, ते बघतील. काही आठवलं तर सांग. नाही आठवलं तरी बस. मी आत पंखा लावणार नाही या वेळी. लवकर ये गं.